माळ्यावरच्या कॅसेट वाजवण्याआधी

पहिली कॅसेट मी खराब केली. वीस-बावीस वर्षं बंद असलेला आमचा टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र असलेला सेट) पुसला, प्लग लावला, लाल दिवा लागला. त्याच आनंदात आजीची कॅसेट आत सरकवून प्लेचं बटण दाबलं. "अगं, ते चालू झालंय का?" एवढं आजी बोलली, एक ओवी सुरू झाली आणि आवाज जाड होत होत बुडाला. झाकण उघडलं तर हातभर पट्टी रोलरला गुंडाळलेली. सोडवताना ती चुरगळली आणि एका जागी तुटली. कॅसेटची पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे हातभर पट्टीत जवळपास दहा सेकंदांचा आवाज असतो. पट्टी नंतर जोडली, पण ओवीची ती ओळ गेली. ती कुठली होती, हे सांगणारं आता घरात कुणी नाही.

तुमच्याकडून असं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. आमच्याकडे २३ कॅसेट आणि एक रीळ (उघड्या चकतीवर गुंडाळलेली टेप) निघालं. आजोबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते. काका १९७९ साली मस्कतला गेले. फोन महाग आणि पत्र लिहायचा दोन्हीकडे कंटाळा, म्हणून आठ वर्षं कॅसेट ये-जा करत राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या बॅगेत एक कॅसेट असायचीच. गावाकडून जाणाऱ्या कॅसेटमध्ये सगळं घर बोलायचं, शेजारपाजारही बोलायचा. त्या सगळ्या संगणकात उतरवायला मला चार महिने लागले. नीट माहिती असती तर दोनात झालं असतं.

काय काय लागेल

- लाइन-आउट (आवाज बाहेर काढायची जागा) असलेला कॅसेट डेक, म्हणजे स्वतःचा स्पीकर नसलेलं कॅसेट वाजवायचं यंत्र. तो नसेल तर हेडफोनची जागा असलेला चांगला टेपरेकॉर्डर
- नव्याण्णव टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, सोलापुरात नवी पेठेत मला सहज मिळालं) आणि कापसाच्या काड्या
- बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, सहा कंगोऱ्यांची पेन्सिल, चिमटा, छोटी कात्री
- स्प्लाइसिंग टेप, म्हणजे पट्टी जोडायची खास चिकटपट्टी
- पाच स्क्रूंनी बंद होणाऱ्या दोन-तीन रिकाम्या किंवा नको असलेल्या कॅसेट
- लाइन-इन (आवाज आत घ्यायची जागा) असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात नेणारी छोटी पेटी, दोन्ही टोकांना योग्य पिना असलेली केबल, कानावर घट्ट बसणारे हेडफोन
- संगणक आणि त्यावर ऑडॅसिटी (आवाज भरायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं)
- एक वही
- तारखा लावायला घरातले जुने कागद: पत्रं, फोटोंच्या पाठीवरची नोंद, लग्नपत्रिका, परदेशी गेलेल्या माणसाचा जुना पासपोर्ट

शेवटची ओळ वगळू नका. काकांच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यांमुळेच आमच्या निम्म्या कॅसेटची वर्षं ठरली.

१. काहीच वाजवू नका, आधी यादी करा

कॅसेट माळ्यावरून उतरवल्या की हात शिवशिवतात. थांबा. प्रत्येक कॅसेटचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, क्रमांक द्या, वहीत एक पान द्या. डबी आणि कॅसेट जुळेलच असं नाही, म्हणून क्रमांक दोन्हींवर घाला.

वर लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवू नका. कोरी कॅसेट महाग वाटायची, म्हणून लोक बाजारातल्या गाण्याच्या कॅसेटच्या पाठच्या कडेवरच्या भोकांवर कागद चिकटवून तिच्यावर आवाज भरायचे. आमच्याकडे भजनांच्या एका कॅसेटची दुसरी बाजू उलटली, तर पंधरा मिनिटं भजनं झाल्यावर अचानक काका बोलायला लागले: "काय बे, विसरला का मला?" माझ्या वडिलांना उद्देशून होतं ते. वडिलांनी ती कॅसेट कधी शेवटपर्यंत ऐकली होती की नाही, आता कळायला मार्ग नाही. तेव्हा भजनं, सिनेमाची गाणी, शाळेचे पाठ, जे काही हाती लागेल ते दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकायचंच आहे असं धरून चला.

यादी करताना आणखी एक काम उरका. कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन्ही कोपऱ्यांत प्लास्टिकची दोन इवलीशी झाकणं असतात. ती मोडा. भोकावर कागद किंवा सेलोटेप असेल तर काढा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबायला गेलात तरी ते दाबलं जात नाही. हे आधी केलंत तर आवाज पुसला जायची भीतीच उरत नाही.

२. पट्टी डोळ्यांनी पाहा

खिडकीतून पट्टीची गुंडाळी दिसते. तिच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, इतरांत मिसळू नका आणि चांगल्या डेकमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडवरून (यंत्राचा पट्टीवरचा आवाज वाचणारा भाग) पुढच्या कॅसेटवर जाते.

कॅसेटवर ६०, ९० किंवा १२० आकडा असतो. ती दोन्ही बाजू मिळून होणारी मिनिटं. आकडा जितका मोठा तितकी पट्टी पातळ. साठची पट्टी सोळा-अठरा मायक्रॉनची, नव्वदची बाराच्या आसपास, एकशेवीसची नऊच्या. एकशेवीसवाली कॅसेट शेवटी घ्या आणि तिला पुढे-मागे पळवू नका.

समोरच्या बाजूला मधोमध तांब्याच्या रंगाची पातळ पट्टी आणि तिच्यावर नमद्याचा छोटा तुकडा असतो. तो पट्टीला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुकतो आणि तो गळून पडतो. "आवाजच गेलाय, कॅसेट मेली" असं लोक म्हणतात तेव्हा पुष्कळदा एवढंच झालेलं असतं.

३. यंत्र शोधा

घरातला जुना टू-इन-वन प्रिय असतो, पण तो उतरवण्याच्या कामाला क्वचितच योग्य ठरतो. शक्य असेल तर डेक मिळवा. भंगारवाल्यांकडे मिळतात, पण माझा सल्ला वेगळा आहे. जुन्या मंडप-साउंडवाल्यांना विचारा. गणपती, लग्नं, गड्ड्याची जत्रा अशा सगळ्या कामांना त्यांनी पंधरा-वीस वर्षं डेक वापरले आणि पेनड्राइव्ह आल्यावर पेटीत ठेवून दिले. फेकले नाहीत. मला माझा डेक अशाच एका साउंडवाल्या काकांच्या गोदामात मिळाला. त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांच्या वडिलांची एक कॅसेट मला दिली आणि ती उतरवून मागितली.

आखातातून आणलेला सेट असेल तर प्लग लावण्याआधी त्याची पाठ बघा. व्होल्टेजचं बटण असतं. सौदीत तेव्हा ११०-१२७ व्होल्टही चालायचे. बटण तिकडेच राहिलं असेल आणि तुम्ही इथल्या २३० वर लावलंत, तर सेट त्याच क्षणी जळतो.

यूएसबीवाले नवे स्वस्त कॅसेट प्लेयर टाळा. त्यांचा वेग डळमळतो आणि हेड हलकं असतं. पट्टीला फार वेळा वाजायची ताकद उरलेली नसते, तेव्हा ती एकदाच वाजवायची तर चांगल्या हेडवर वाजवा.

४. यंत्र आधी बरं करा

माझं पहिलं काम चुकलं ते इथेच. दिवा लागणं म्हणजे यंत्र चालणं नव्हे.

डेकच्या आत रबरी बेल्ट असतात. वापर नसला तरी ते म्हातारे होतात. काही ढिले पडतात, काही वितळून डांबरासारखे होतात. बेल्ट ढिला असला की पट्टी पुढे ढकलली जाते, पण पलीकडचं रीळ ती गुंडाळून घेत नाही. मग ती आत साचते आणि रोलरला गुंडाळते. आजीच्या कॅसेटचं हेच झालं.

वितळलेला बेल्ट अल्कोहोलने पुसून काढा. हातमोजे घाला, तो काळा चिकटा कपड्यांवरून निघत नाही. नवा बेल्ट घेताना जुन्याचं माप उपयोगी नाही, तो ताणलेला असतो. पुलींभोवती दोरा फिरवा, दोरा मोजा आणि त्याहून पाच ते दहा टक्के लहान घेराचा बेल्ट मागा. चौकोनी जाडीचा होता की चपटा, तेही पाहा. घरातलं रबरबँड लावू नका. पट्टी फिरते खरी, पण आवाज सारखा हेलकावतो आणि तो हेलकावा रेकॉर्डिंगमध्ये कायमचा बसतो.

मग हेड, कॅप्स्टन (हेडशेजारची बारीक लोखंडी दांडी) आणि पिंच रोलर (पट्टी त्या दांडीवर दाबणारं रबरी चाक). हेड आणि दांडी अल्कोहोलने, काडीवर तपकिरी रंग उतरायचा थांबेपर्यंत पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल वारंवार लावू नका, ते रबर कडक होतं; सौम्य साबणाचं पाणी लावून नीट वाळवा. सॅनिटायझर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं द्रव यांतलं काहीही हेडजवळ नेऊ नका. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते मागे राहतं.

विजेचा भाग मेकॅनिककडेच द्या. बंद सेटमधल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते. शहरात रेडिओ-टेप दुरुस्त करणारी जुनी माणसं थोडी उरली आहेत, पण आहेत. चांगला मेकॅनिक कसा ओळखायचा? तो बंद सेट थेट बोर्डात लावत नाही, सिरीज बल्बवर लावतो. सेट आणि वीज यांच्यामध्ये शंभर वॉटचा बल्ब. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे आणि सेट वाचला. मंद राहिला तर पुढे जायचं. माझ्या मेकॅनिककाकांनी हे करायच्या आधी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा. हा बराच दिवस झोपलाय, घाईने उठवायचा नाही."

दुरुस्तीनंतर बाजारातली नको असलेली कॅसेट तासभर वाजवा. पुढे पळवा, मागे पळवा, थांबवा, पुन्हा लावा. तिची पट्टी एकदाही अडकली नाही तरच घरची कॅसेट आत घाला.

५. कॅसेटची डागडुजी

काम ताटात करा, म्हणजे स्क्रू घरंगळत नाहीत. खाली टॉवेल अंथरू नका. आपल्या सोलापुरात घरोघरी टर्किश टॉवेल हाताशी असतो, पण त्याचे तंतू पट्टीला चिकटतात. कोरा कागद बरा.

ढिली पट्टी पेन्सिलीने हळूहळू ताणून घ्या. अडकून कुरकुरत असेल तर कॅसेट तळहातावर चारी बाजूंनी हलकेच आपटा आणि एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा.

कवच तडकलं असेल किंवा नमदा गळाला असेल तर गुंडाळी उचलून दुसऱ्या कवचात ठेवायची. पाच स्क्रूवालं कवच उघडणं सोपं. चिकटवून बंद केलेलं कवच सांध्यावर पातळ पात्याने फोडावं लागतं. ते पहिल्यांदा रिकाम्या कॅसेटवर करून बघा. उघडण्याआधी फोटो काढा. दोन पातळ झिलईदार पापुद्रे, दोन कोपऱ्यांतली चाकं, नमदा, बारीक लोखंडी तुकडा हे सगळं जिथल्या तिथे बसलं पाहिजे. चाकाच्या चुकीच्या बाजूने पट्टी गेली तर आवाज येणार नाही.

तुटलेली पट्टी जोडताना दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापा, समोरासमोर आणा आणि हेडला न लागणाऱ्या पाठीवर स्प्लाइसिंग टेपचा छोटा तुकडा लावा. कुठली बाजू कुठली हे कळत नसेल तर पट्टी अजून कॅसेटमध्ये आहे तिथे पाहा: बाहेर, हेडकडे तोंड असलेली ती आवाजाची बाजू. सेलोटेप लावू नका. उन्हाळ्यात त्याचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात.

बुरशीची कॅसेट घरात उघडू नका. गच्चीवर, तोंडाला चांगला मास्क लावून, कोरड्या मऊ कापडात पट्टी अलगद धरून सावकाश गुंडाळा आणि त्यासाठी एखादा टाकाऊ प्लेयर वेगळा ठेवा. ही कामं दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात दमट हवा आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, दोन्ही पट्टीला मानवत नाहीत.

६. हेडचा कोन आणि पट्टीचा वेग

ही पायरी बहुतेक जण गाळतात. फरक मात्र सगळ्यात जास्त इथेच पडतो.

ज्या टेपवर रेकॉर्डिंग झालं त्याच्या हेडचा कोन तुमच्या डेकसारखा नसतो. केसभर फरक पडला तरी आवाज कांबळ्याआडून आल्यासारखा मंद होतो. लोक म्हणतात, पट्टी जुनी झाली. पट्टी ठीक असते, कोन चुकलेला असतो.

हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला स्क्रू असतो, बहुधा त्यावर रंगाचा ठिपका. प्ले चालू ठेवून, लोहचुंबक नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने तो अगदी हळू, आठव्या हिश्शाने फिरवा. स, श, च ही अक्षरं ऐका. जिथे ती सगळ्यात लख्ख ऐकू येतात तिथे थांबा. किती आणि कुठल्या दिशेला फिरवलं ते वहीत लिहा, कारण पुढच्या कॅसेटला कोन पुन्हा वेगळा असेल. दुसऱ्या बाजूचा घट्ट स्क्रू उंचीचा असतो, त्याला हात लावू नका. मी आजोबांच्या कॅसेटचा कोन जुळवत होते तेव्हा "शिपाई" हा शब्द एकदम स्पष्ट झाला आणि त्यामागे चुलीवर भाकरी थापल्याचा आवाजही.

डेकवरचं डॉल्बीचं (खरखर कमी करायच्या सोयीचं) बटण बंद ठेवा. घरगुती टेपवर भरलेल्या कॅसेटला ते लागू नाही, उगाच आवाज दाबला जातो.

आता वेग. वीज लावून रेकॉर्डिंग केलं असेल तर बारीक गुंजारव पट्टीवरही उतरलेला असतो. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे तो पन्नास आणि शंभरवर दिसतो. ऑडॅसिटीत कुणी बोलत नसलेला तुकडा निवडून स्पेक्ट्रमचा (कुठल्या हर्ट्झला किती आवाज, हे दाखवणारा) आलेख काढा. शिखर ५२ वर दिसलं तर पट्टी साधारण चार टक्के जास्त वेगाने धावते आहे. पण आधी खात्री करा की तो गुंजारव पट्टीवरचाच आहे. प्ले थांबवूनही तो ऐकू येत असेल तर तो तुमच्या डेकचा. शिवाय त्या काळी विजेची फ्रीक्वेन्सी पन्नासवर घट्ट टिकत नसे, त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणून घ्या आणि शेवटचा निकाल आवाज ओळखणाऱ्या माणसाच्या कानावर सोडा.

सेलवर केलेलं रेकॉर्डिंग वेगळं. एका वर्षी घरच्यांनी टू-इन-वन खांद्यावर घेऊन काकांसाठी संक्रांतीतली सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक भरली. सातही काठ्या कशा गेल्या, हे चुलतआत्या रस्त्यावर उभी राहून सांगते आहे आणि मागे "हर्र बोला हर्र" चाललं आहे. शेवटाकडे सगळ्यांचे आवाज पोरांसारखे किरटे होत जातात. सेल संपत आले होते. रेकॉर्ड करताना पट्टी हळू सरकली, म्हणून आज नेहमीच्या वेगाने वाजवली की ती पळते. यात डेकची चूक नाही, तेव्हा मोटरचा वेग बदलू नका. मूळ वेगातच उतरवून घ्या आणि नंतर प्रतीवर तुकड्या-तुकड्याने वेग कमी करा.

रीळ असेल तर थोडक्यात: ते घरी करू नका. रीळ उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर पट्टी अ‍ॅसिटेटची (एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) असू शकते; ती ठिसूळ होते, तिला व्हिनेगरसारखा वास येतो आणि ती चटकन तुटते. चिकट झालेली रिळं मंद आचेवर भाजतात असं कुणी सांगेल. ते काही विशिष्ट पॉलिएस्टर पट्ट्यांपुरतंच खरं आहे, अ‍ॅसिटेटला ते मारक आहे. आमचं रीळ जाणकार मिळेपर्यंत थांबलं आहे.

७. संगणकात उतरवा

डेकचं लाइन-आउट इंटरफेसच्या लाइन-इनला जोडा. लॅपटॉपच्या एकुलत्या एका जॅकला जोडू नका. तो माइकसाठी असतो, आवाज फाटतो आणि एकाच कानाचा येतो. टू-इन-वनच्या हेडफोनमधून घेत असाल तर आवाज निम्म्यावर आणि टोन मधोमध ठेवा. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवलात तर बऱ्याचदा घूं घूं नाहीशी होते.

ऑडॅसिटीत ४८००० हर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ. घरगुती रेकॉर्डिंग बहुधा मोनोच (एकाच वाटेचं) असतं, तरी डावा-उजवा दोन्ही आवाज घ्या. एखाद्या कडेला पट्टी खराब असली तर दुसरी कड वाचवते. सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा शून्याच्या ६ ते १२ डेसिबल खाली राहू द्या. कुणीतरी एकदम हसतं किंवा पोर रडतं, तेव्हा जागा लागते.

पूर्ण बाजू एका दमात भरा. मधली शांतता कापू नका, "इथे काही नाही" म्हणून थांबवू नका. जतन करा वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) म्हणून. तासाला साधारण एक जीबी लागतो. आमच्या साठच्या १७, नव्वदच्या ५ आणि एकशेवीसची एक अशा कॅसेट तीस जीबीच्या आत बसल्या. फाइलला नाव लगेच द्या: क्रमांक, बाजू, वर्षाचा अंदाज, कुणाचा आवाज.

दुकानात द्यायच्या असतील तर पावतीवर कॅसेटची संख्या आणि क्रमांक लिहून घ्या आणि वेव्ह फाइल, कुठलीही सफाई न केलेली, असं स्पष्ट लिहून मागा. सुरुवातीला मी तीन कॅसेट एका ठिकाणी दिल्या होत्या. परत आल्या त्या एमपीथ्री, शांत जागा कापलेल्या आणि आवाज डब्यातून आल्यासारखा. सुदैवाने कॅसेट शाबूत होत्या, पुन्हा उतरवता आल्या.

८. सफाई हात राखून

मूळ फाइलला हात लावायचा नाही. सफाई करायची ती प्रतीवर, आणि थोडी.

खरखर काढायचं साधन जोरात चालवलं की माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. त्याहून वाईट म्हणजे मागचे आवाज जातात. आमच्या एका कॅसेटमध्ये आजी शेजारच्या पद्मशाली मावशींशी बोलते आहे, अर्धं मराठीत, अर्धं तेलुगूत, आणि मागे त्यांच्या घरातला हातमाग चालू आहे, खटक-खटक, न थांबता. आधी मी तो "गोंगाट" म्हणून काढला होता. नंतर माझ्या आईने ऐकलं आणि विचारलं, "माग का बंद केला?" मी ती प्रत टाकून दिली. आजोबांच्या कॅसेटमध्ये मधेच गिरणीचा भोंगा वाजतो आणि ते बोलणं थांबवतात. गिरण्या आता बंद आहेत, तो भोंगा दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार?

९. ओळखणारी माणसं शेजारी बसवा

हे काम सगळं उरकल्यावर करू म्हणून ठेवू नका. पहिली कॅसेट उतरली की त्याच आठवड्यात सुरू करा. यंत्र आणखी दोन वर्षांनीही दुरुस्त होईल, पण हा कुणाचा आवाज हे सांगणारी माणसं ऐंशीच्या घरात आहेत.

एका वेळी एकाच माणसाला बसवा. पाच जण बसले की सगळे एकमेकांशी बोलतात, कॅसेट कुणी ऐकत नाही. हेडफोनपेक्षा साधा स्पीकर बरा, म्हाताऱ्या माणसांना कानावर काही चढवलं की अवघडतं. मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवा, कारण कॅसेट ऐकताना ती जे बोलतात तेही जपण्यासारखं असतं. वहीत वेळ टिपा: अमुक मिनिटाला कोण, कुठे, कशाबद्दल.

तारीख लावायला मागचे आवाज धरा. एका कॅसेटमध्ये तान्हं बाळ रडतं आणि आजी म्हणते, "हा बघ, तुझा पुतण्या." तो माझा धाकटा भाऊ. त्यामुळे ती कॅसेट १९८३ च्या पावसाळ्याच्या आगेमागेची. तेलुगूतला भाग आम्हाला कळेना. सोलापूरच्या पूर्व भागात त्या मावशींच्या सुनेला शोधून काढलं. तिने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "सासूबाई तुमच्या आजीकडे उसनी साखर मागतायत." मग पदर डोळ्याला लावला. तिच्याकडे सासूचा फोटो होता, आवाज नव्हता. ती फाइल मी तिथेच तिच्या मोबाइलवर घातली.

आधी सांगितल्याशिवाय कुणालाही गेलेल्या माणसाचा आवाज ऐकवू नका. माझ्या हातून हे झालं. काकूला आनंद होईल म्हणून काही न सांगता काकांची कॅसेट लावली. तिचा हात चहाच्या कपावर तसाच राहिला आणि ती उठून आत गेली. चार दिवसांनी तिने स्वतः फोन करून विचारलं, "परत कधी लावशील?" त्या चार दिवसांत मला फार वाईट वाटत होतं. आता मी आधी विचारते, दार ओढून घेते आणि पहिल्यांदा दोनच मिनिटं लावते.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सगळं टाकू नका. त्या कॅसेटमध्ये भांडणं आहेत, उधारी आहे, कुणाचं आजारपण आहे. बोलणाऱ्यांना ते फक्त एकाच माणसाला सांगायचं होतं. जे हयात आहेत त्यांना विचारा. पाठवायचंच तर एमपीथ्री करून, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

काही आवाज मात्र घरापुरते नसतात. आजोबांनी एका बाजूवर १९३० च्या मे महिन्यातला सोलापूरचा मार्शल लॉ (लष्करी कायदा) सांगितला आहे. ते तेव्हा अकरा वर्षांचे होते. रस्त्यावर लष्कर, दारं बंद, डोक्यावरची गांधी टोपी काढून खिशात कोंबणारा त्यांचा थोरला भाऊ. पुढच्या जानेवारीत, १२ तारखेला, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिलं. ते सांगताना आजोबा एकेक नाव घेतात आणि प्रत्येक नावानंतर थांबतात. तुमच्या ट्रंकेत असं काही निघालं तर घरच्यांची संमती घेऊन एक प्रत शहरातल्या जुन्या वाचनालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला द्यायचा विचार करा. सोबत वहीतल्या नोंदीही द्या, नाहीतर बोलणारा कोण, हे पुढच्या माणसाला कळणार नाही.

१०. साठवण

तीन प्रती करा: एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. वर्षातून एकदा, एखादा ठरलेला दिवस धरून, तिन्ही उघडून पाहा. आम्ही संक्रांत धरली आहे. वहीचे फोटोही त्याच फोल्डरमध्ये घाला.

आणि मूळ कॅसेट टाकू नका. पुढे आणखी चांगलं यंत्र किंवा साधन हाती आलं तर पुन्हा तिच्याकडेच यावं लागेल. पूर्ण एका टोकाला गुंडाळून, डबीत घालून, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. स्पीकरपासून लांब आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीच्या कपाटात. पत्र्याखालच्या माळ्यावर परत नको. आमच्या आता आजीच्या खोलीत, खालच्या कप्प्यात आहेत. तुटलेली पट्टी जोडलेल्या त्या पहिल्या कॅसेटच्या डबीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे: बाजू अ, सुरुवातीपासून १२ सेकंद, इथे ओवीची एक ओळ होती.